नाव कोण घेणार?

"दत्ताराम, चपला काढ रे आधी! स्मारक हाय ते, एसटी स्टँड नाय." ललिता सगळ्यांदेखत नवऱ्यावर खेकसली.

उज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली. मरणाच्या दारातून परत आलेला नवरा, आणि ही त्याला नावानं हाकारते, तेही अरेतुरे करून!

मुंबईच्या बाजारात अतिरेक्यांनी बॉम्ब ठेवला, तेव्हा कशेडीच्या पायथ्याच्या या गावातली माणसं तिथं हमालीला होती. गावानं हायवेच्या कडेला त्यात गेलेल्यांचं स्मारक उभारलं. काळ्या दगडावर उज्वलाच्या नवऱ्याचं, सहदेवचं नाव शेवटी होतं. त्याच्या शेजारी पाटी उचलणारा दत्ताराम मात्र लंगडत का होईना, घरी आला.

मुंबईत सहदेव दत्तारामच्याच खोलीत राहायचा. ललिता दोघांना रांधून घालायची आणि उज्वला इथं भात लावायची. आता ललिताचा हिरवा चुडा उज्वलाला बघवत नव्हता. त्यात ही बया दरवर्षी सगळ्यांच्या आधी हजर. दगड पुसायची, माझ्या माणसाच्या नावावरही सोनचाफा ठेवायची, उपकार केल्यासारखा! मिरवायला येते मेली, उज्वला मनात म्हणायची.

यंदा सरपंचांनी नवीनच काढलं. घरच्या बाईनं आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मेणबत्ती लावायची. बायका पदर तोंडाशी धरून मागे सरल्या.

उज्वलाही मागे सरली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. रेशनकार्डाच्या वेळी साहेबानं विचारलं, तेव्हाही "पांडवांतला धाकटा" एवढंच सांगून ती लाजेनं खाली बघत राहिली होती. अख्खं ऑफिस हसलं होतं. तो नेम आता त्याच्या माघारी मोडायचा? आणि नाही घेतलं, तर एवढ्या लोकांत त्याचं नावच निघणार नाही.

अडला हरी. ती ललिताकडे वळली. "तूच घे गो सगळ्यांची नावं. तुला कसली लाज?"

"नको वयनी. तुमच्या माणसाचं तुम्हीच घ्या."

"का? जीभ झिजते तुझी? तुझा तर परत आलाय ना!" इतक्या वर्षांचं साठलेलं उज्वलाच्या तोंडून निघून गेलं.

ललिता पुढे झाली.

"अब्बास," ती खणखणीत म्हणाली. महरुन्निसानं नवऱ्यासाठी मेणबत्ती लावली.

"बुद्धरत्न." त्याची म्हातारी आई पुढे आली.

"चांगू." चांगू ललिताचा थोरला दीर, पण त्याचं नाव घेतानाही ती अडखळली नाही.

आता सहदेव. उज्वला मेणबत्ती धरून दगडापाशी गेली.

ललिता थांबली. तिनं डोक्यावर पदर ओढला, हातातला हिरवा चुडा पदराखाली झाकला आणि मान खाली घातली.

"पांडवांतला धाकटा," ती म्हणाली.