सगळ्यांना पाठवणार

"आबा, भाकरी राहू दे जरा. आधी हे ऐका," म्हणत अनुजानं लॅपटॉप थेट वडिलांच्या ताटाला भिडवून ठेवला.

विजयसिंहांनी मान वर केली नाही. हातातला घास तेवढा ताटात ठेवला. आठवडाभर त्यांचं हे असंच चाललं होतं. पोरीकडं बघायचं नाही, बोलायचं नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसून चार लोकांना शहाणपण शिकवल्याशिवाय ज्यांना सकाळचा चहा गोड लागत नसे, ते आबा उंबरा ओलांडायला तयार नव्हते. बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर त्यांनी जुनी चादर टाकली होती. धूळ बसते म्हणे! जन्मात कधी धूळ पुसली नव्हती या माणसानं. आणि परवा तर कहर झाला. वारणानगरच्या धैर्यशीलशी अनुजाची सुपारी फुटलेली, कार्यालय बघायला निघायचं ठरलेलं, आणि आबा एकदम म्हणाले, "लगीन जरा फुडं ढकलूया."

त्याच क्षणी अनुजाला कळून चुकलं. आबांनी तो व्हिडिओ बघितला होता.

तसा व्हिडिओ खरंच आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्याकडं आला होता तो फक्त एक मेल. नको त्या मेलचा तिला वैताग यायचा, भीती कधी वाटली नव्हती. लॉटरी लागल्याचे, खातं बंद पडल्याचे मेल ती न वाचता उडवून द्यायची आणि कॉलेजातल्या आपल्या विद्यार्थिनींनाही तेच शिकवायची. पण या मेलच्या पहिल्याच ओळीत तिचा पासवर्ड होता. जुना होता, पण तिचाच होता. पुढं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, 'तुमच्या कॅमेऱ्यातून आम्ही तुम्हाला बघतो. खोलीत एकटे असताना तुम्ही काय करता ते सगळं टिपलं आहे. पैसे पाठवा, नाहीतर तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांना पाठवणार.'

लॅपटॉप कायम कपाटासमोर उघडा असायचा. त्यावर गाणी लावून ती साडी नेसायची. मेल आल्यापासून तिला आपल्याच खोलीत कपडे बदलायची चोरी झाली होती.

कर नाही त्याला डर कशाला, हे आबाच सगळ्या गल्लीला ऐकवायचे. तिनं काही केलं नव्हतं, तरी डर होताच. पैसे देऊन मोकळं व्हावं असंही एकदा मनात आलं. पण आबांपर्यंत गोष्ट पोचलीच असेल, तर आता लपवायचं कुणापासून? हा विचार आला आणि तिची भीती गेली. तिला सणकून राग आला. अनुजा चिडली की तिच्या वाटेला कुणी जायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तिनं अख्खा मेल आबांना मराठीत वाचून दाखवला. एकदाही अडखळली नाही. आबांचे हात मांडीवर घट्ट मिटले गेले.

"तुमच्यापर्यंत काय आलं असंल तर येऊ दे," ती म्हणाली. "मी कायबी वाईट केलेलं न्हाय. ह्याला एक रुपया देणार न्हाय. उद्या सायबर पोलिसांत तक्रार देणार. आणि तो पाठवायच्या आधी मीच सगळ्यांना पाठवणार."

मग तिनं आपण लिहिलेलं वाचलं. 'मला धमकीचा मेल आला आहे. मी पैसे देणार नाही. माझ्या नावानं तुमच्याकडे काही आलं तर उघडू नका. उघडून बघितलंत, तर त्याची लाज मला नाही, बघणाऱ्याला.' पाठवायच्या यादीत मामा होते, काका होते, अख्खं कॉलेज होतं. धैर्यशील आणि त्याचे आईवडील सगळ्यात वर होते.

आई पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "अगं बया! पावण्यास्नी बी? सुपारी मोडंल की गं!"

"एवढ्यानं मोडत असंल तर आत्ताच मोडू दे की."

"थांब," आबा म्हणाले.

"न्हाय थांबणार, आबा."

"थांब म्हणतोय न्हवं!"

ते उठले. हात न धुताच बाहेरच्या खोलीत गेले. अनुजा लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. हा माणूस आता काय दाखवणार? आबांनी चादर ओढून खाली टाकली. परदेशातल्या भाच्याशी बोलायला त्यांनी हौसेनं बसवून घेतलेल्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीचे थरावर थर होते. त्यांनी संगणक सुरू केला, एक मेल उघडला आणि बाजूला झाले.

अनुजा वाचू लागली. तेच मोडकंतोडकं इंग्रजी होतं. तीच धमकी होती, शब्दाला शब्द. फक्त वर नाव विजयसिंहांचं होतं, आणि पहिल्या ओळीत त्यांचा जुना पासवर्ड होता. अनुजा, आणि पुढं तिचं जन्मसाल.

"मला वाटलं, ह्यो तुझ्या मांडवात माझी अब्रू काढणार," आबा म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"पाठीव आता. आन् खाली माझंबी नाव घाल."