सोफ्याच्या पोटात

"तू मागून धर, मी पुढून उचलते. आणि कमरेला जप गं," थोरली लेक म्हणाली. माईंनी बाह्या सरसावल्या खऱ्या, पण त्यांचं लक्ष सोफ्याकडे नव्हतंच. उद्या सकाळी अकरा. दोन दिवस हे अकरा त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसले होते.

थंडीच्या सुट्टीत घर गच्च भरलं होतं. मुलगा, सून, त्यांची दीड वर्षाची चिमणी, आणि भाऊ आला म्हणून आठवडाभर इथेच तळ ठोकलेली थोरली लेक. परवा मुलाची गाडी वळणाआड गेली आणि काल सकाळीच मायलेकींनी घर धुवायला काढलं. हा माईंचा जुना नियम. पाहुणे गेले की पडदे उतरायचे, रजया उन्हात टाकायच्या, फ्रिज ओढून मागची भिंत घासायची आणि सगळ्यात शेवटी सोफा उलथवून त्याच्याखालचा केर काढायचा. थोरली अठ्ठेचाळीस वर्षांची, मोठ्या रुग्णालयातली मोठी नर्स. पण या घरात तिची बढती अजून फडकी पिळण्यापुढे गेली नव्हती. खिडकीच्या काचांवर, गुडघ्याच्या उंचीला, चिमणीच्या चिकट बोटांची रांगच्या रांग होती. एरवी ती पुसताना माईंना हसू आलं असतं. यंदा कशातच जीव लागत नव्हता.

त्या आठवड्यात माईंच्या वस्तू हरवायला लागल्या होत्या. आधी वाचायचा चष्मा. मग टीव्हीचा रिमोट. मग रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी, आणि शेवटी मागच्या दाराची किल्ली. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेली बाई. वीज गेली तरी हात घालेल ती बाटली बरोबर निघायची. आणि तिला स्वतःचा चष्मा सापडेना! "माई, वय झालं आता," मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. थोरली तेवढी हसली नाही. तिचा चेहरा पार उतरला होता. ते माईंनी बरोबर टिपलं.

यजमानांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा हरवला, मग घराचा रस्ता, आणि शेवटी माणसं. सात वर्षं माईंनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, रोज सकाळी स्वतःची ओळख नव्याने करून दिली. ते पुन्हा लेकीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि परवा थोरली गॅलरीचं दार ओढून घेऊन फोनवर बोलली, ते त्यांच्या कानावर पडलंच. "हो, विसरण्याबद्दलच दाखवायचंय. बुधवारी अकरा? चालेल, येते मी." माईंनी काही विचारलं नाही. विचारून तरी काय करायचं? डॉक्टरांनी मान हलवली की घर बंद करायचं आणि सरळ वृद्धाश्रम गाठायचा, लेकीकडे जायचं नाही, हे मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ठरवताना त्यांना फार एकटं वाटलं होतं.

"बाबांचं नक्की कितव्या वर्षी सुरू झालं गं?" काल भिंत घासता घासता थोरलीने विचारलं.

"बावन्नाव्या."

त्यानंतर दोघींनी भिंत अशी काही घासली, की रंग तेवढा निघायचा राहिला.

"एक, दोन, तीन!" सोफा कुरकुरत पाठीवर आडवा झाला. आणि त्याच्या पोटात काहीतरी खडखडलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. थोरलीने कात्री आणली आणि खालचं कापड टराटरा फाडलं.

आधी रिमोट पडला. मग गोळ्यांची डबी. मग किल्ली. मग चष्मा, एका काडीला बिस्किटाचा लगदा लागलेला. मग तीन अर्धवट चघळलेली बिस्किटं, सुनेची लिपस्टिक आणि चिमणीचाच एक मोजा. माईंनी वाकून बघितलं. बैठकीच्या मागची शिवण वीतभर उसवली होती, बरोबर चिमणीचा हात पोहोचेल तिथे. कार्टीने आठवडाभर सोफ्याची टपालपेटी केली होती! मोठी माणसं गप्पा मारत होती आणि ती एकेक वस्तू आत टाकत होती.

माईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा तसाच, बिस्किटासकट, नाकावर चढवला आणि पोट धरधरून हसल्या. इतकं मोकळं त्या किती दिवसांत हसल्या नव्हत्या. माझं डोकं जागेवर आहे. माझं घर माझंच आहे. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

थोरली मात्र जमिनीवरच बसली. केरातून तिने आणखी दोन वस्तू उचलल्या: तिच्या रुग्णालयातल्या लॉकरची किल्ली आणि तिचंच एक कानातलं. ती मुठीत घट्ट धरून तिने हुंदका दिला, आणि मग रडता रडताच हसायला लागली.

"अगं वेडाबाई, रडतेस काय?" माई म्हणाल्या. "ऊठ, त्या डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, उद्या अकराला येत नाही. आई ठणठणीत आहे."

थोरलीने दचकून वर बघितलं. "तुला माहीत होतं?"

"कान शाबूत आहेत माझे. पण तू कशाला लपवलंस? मी आले असते की मुकाट्याने."

थोरलीने धुळीच्या हातांनीच डोळे पुसले.

"माई, तिथे तुझं नाव दिलंच नव्हतं गं. मी माझं दिलं होतं."