कुंडीतला नाच

कुंडीत ते पुन्हा नाचू लागले होते.

गफूर कबरीच्या उशाशी उकिडवा बसून पाहत राहिला. दोऱ्याच्या तुकड्यांएवढे ते जीव वेटोळे घेत तळाशी जात, पुन्हा अलगद वर येत. कडुलिंबाची सावली त्यांच्यावरून सरके. पांझरा नदीकडून वारा येई, आणि सगळे धुळे शहर भिंतीपलीकडे कुठेतरी विरून जाई.

सहा वर्षांच्या महेकला इथे ठेवल्याला वर्ष होत आले होते. पाखरांनी येऊन पाणी प्यावे, म्हणून त्याने लेकीच्या उशाशी ही मातीची कुंडी बसवली होती. गाद्या भरण्याचे काम आटोपले की दाढीतला कापूसही न झटकता तो येई आणि हलक्या हाताने पाण्याची भर घाली. जुने पाणी त्याने कधी सांडले नाही. ते जीव नाचताना दिसले, की इथे सगळेच थांबलेले नाही असे त्याला वाटे.

"काका, जरा बाजूला होता का?"

आरोग्य विभागाची सुलक्षणा होती. तिने वाटेवरूनच वाकून कुंडीत टॉर्च मारला. "हे पाणी सांडावं लागेल."

"पाखरांचं आहे, बेटी. आणि ह्या जिवांनी कुणाचं काय केलंय?"

"अळ्या आहेत त्या, काका. डेंग्यूच्या डासाच्या. भिंतीपलीकडं लेकरं तापानं पडलीत." तिने आवाज खाली आणला. "पाणी ठेवा की. पण रोज सांडून, कुंडी घासून. नुसती भर घातली की ह्या वाढतातच."

डेंग्यू. हा शब्द त्याने दवाखान्यात ऐकला होता, महेकच्या खाटेपाशी. तेव्हा तो आभाळातून पडल्यासारखा वाटला होता. आता तो ओंजळभर पाण्यात वेटोळे घेत होता.

गफूर उठला. मग झोपलेले मूल उचलावे तशी त्याने कुंडी उचलली आणि वाटेवरच्या तापल्या मातीत कलंडली. नाच क्षणभर चमकला आणि विझला.

कुणी न बोलावता तो सुलक्षणाच्या मागोमाग गल्लीत गेला.

पहिल्याच दारात म्हातारी ताजबी पिंपाला पाठ लावून उभी राहिली. आत तिचा नातू रेहान तापाने कण्हत होता.

"पाणी आणायला कुणी मिळत नाही, सांडायला मात्र दारात येतात," ती म्हणाली. "नळ आठवड्यानं येतो. हे फेकलं तर पोराच्या घशात काय ओतू?"

"माझ्या घरून घागरी आणून देतो, खाला. हे सांडू द्या."

"मोठा आला शहाणा. तू कधी फेकलंस का रे घरचं पाणी?"

गफूरने सुलक्षणाच्या हातातला टॉर्च घेतला आणि पिंपात धरला. काळोख्या पाण्यात ते वर येत होते, खाली जात होते.

"नाही," तो म्हणाला. "महेक रडायला लागली, की ह्यांचा नाच दाखवायला मी तिला पिंपापाशी उचलून धरायचो."