टोलनाक्यावरचे चार शब्द

खोलीत तीन खुर्च्या होत्या, एक टेबल, कागदी रुमालांचा एक खोका, एक घड्याळ आणि भिंतीवर चार लाकडी मुखवटे. थोबेकिलेनं मुखवटे दोनदा मोजले. चारही काँगोकडचे. झुलू माणसं मुखवटे करतच नाहीत. बाहेरच्या पाटीवर मात्र लिहिलेलं होतं, 'इथे तुमच्या संस्कृतीचा आदर केला जातो.'

समोर डॉक्टर शेझी बसल्या होत्या. आधीचे दोन समुपदेशक झाले होते, या तिसऱ्या. यादीतलं आडनाव वाचून थोबेकिलेनं त्यांना निवडलं होतं. शेझी म्हणजे आपल्यातली बाई, हिला अथपासून सांगत बसावं लागणार नाही. पण शेझींनीही सुरुवात इंग्रजीतच केली होती आणि आता त्या अर्ज भरत होत्या.

"तर मिस झोंडी, तुमच्या भावाचा आत्मा रस्त्यात राहिलाय, असा विचार तुमच्या मनात येतो. शून्य ते दहामध्ये हा विचार तुम्हाला किती खरा वाटतो?"

थोबेकिलेच्या डोक्यात तिडीक गेली.

"मी पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते, डॉक्टर," ती झुलूतून म्हणाली. "मोजायचं कसं ते मला नका शिकवू. काय मोजायचं, ते तुम्हाला कळलेलं नाही."

"तुम्हाला राग आलाय. येऊ दे. ही जागा सुरक्षित आहे."

"जागा सुरक्षितच आहे! पहिल्यानं मला गोळ्या लिहून दिल्या, का तर मी मेलेल्या माणसाशी बोलते. दुसरीनं सांगितलं, भावाला पत्र लिहा आणि जाळून टाका. ती दोघं परकी होती, सोडून दिलं. तुम्ही कोण आहात?"

"आपण तुमच्याबद्दल बोलू या."

"तुमचे वडील आहेत?"

"मिस झोंडी—"

"आहेत का?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "नाहीत. डर्बनच्या दवाखान्यात गेले."

"मग त्यांना घरी कुणी आणलं?"

पेन थांबलं. "काकांनी."

"कसं?"

"तुम्हाला माहीत आहे कसं ते."

"मला माहीत आहे. तुम्हाला आहे का, ते बघतेय."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "उम्फाफाची फांदी घेऊन. वडिलांच्या खाटेला फांदी टेकवली आणि म्हणाले, चल दादा, घरी जाऊ. टॅक्सीत फांदीसाठी वेगळी जागा घेतली."

"आणि वाटेत काय बोलले?"

"वडिलांशीच बोलले. आता पूल आला, आता वळण आलं, आता उतरायचंय, सांभाळून. दुसऱ्या कुणाशी चकार शब्द नाही. मी शेजारीच बसले होते. माझ्याशीही नाही." बोलता बोलता इंग्रजी सोडून त्या झुलूत बोलू लागल्या होत्या, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"का नाही बोलले?"

"बोलले असते तर वडील तिथंच राहिले असते."

"बघा," थोबेकिले म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "तुमचे वडील तिथंच राहिले असते. आणि माझा भाऊ राहिला, तर तो माझ्या मनातला विचार! त्याला शून्य ते दहा!"

तिनं समोरचा अर्ज उचलला आणि पालथा घातला.

"घाटात भावाचा ट्रक उलटला. घरात पुरुष माणूस उरला नाही, म्हणून फांदी घेऊन मी गेले. भेकानीला फांदीवर उचलून घेतलं. सगळं सांगत आणलं त्याला, भेकानी, हा लेडीस्मिथचा फाटा, भेकानी, हे एस्टकोर्ट. आणि वाटेत फोन वाजला. प्रयोगशाळेतून. नमुन्यांची वही कुठं आहे म्हणून. आणि मी सांगितलं. कपाटात, खालच्या कप्प्यात, निळी. चार शब्द. रोजच्यासारखे तोंडातून गेले. मग फांदीशी बोलायला गेले, तर हातात नुसतं लाकूड."

डॉक्टर काही लिहीत नव्हत्या.

"आईनं बकरा कापला. सगळे म्हणाले, आला भेकानी, आला. मी मांडी घालून बसले आणि मटण खाल्लं. आई रोज संध्याकाळी पूर्वजांच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी बिअरचं मडकं ठेवते, त्याच्याशी गप्पा मारते. तिथं कुणीसुद्धा नाही, हे फक्त मला माहीत आहे. छत्तीस रात्री झाल्या. आता म्हणा, अपराधाची भावना. म्हणा, स्वतःला माफ करा."

तिनं पर्स उचलली. दारापर्यंत गेली.

"नोन्दाबा," मागून हाक आली.

थोबेकिले थांबली. झोंडींच्या कुळाचं ते नाव. घरातली मोठी माणसं तेवढी त्या नावानं हाक मारतात. त्या इमारतीत आजवर कुणी मारली नव्हती.

"बस खाली," डॉक्टर म्हणाल्या. "फांदी कुठंय?"

"घरी. कोपऱ्यातच आहे. वाळली."

"वाळू दे. नवी तोडून पुन्हा आणायला जाता येतं. तू बोललीस कुठं?"

थोबेकिलेला आधी प्रश्नच कळला नाही. छत्तीस दिवसांत तो तिला कुणी विचारला नव्हता.

"मुई नदीच्या टोलनाक्यावर. टॅक्सी रांगेत उभी होती."

"फाटकाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे. पुढे दोन गाड्या होत्या."

"नक्की?"

"नक्की. एक पांढरी, एक गुरांची."

डॉक्टरांनी फोनवर नकाशा उघडला आणि पालथ्या अर्जावर, दोघींच्या मध्ये ठेवला. थोबेकिलेनं खुर्ची पुढे ओढली. फाटकाच्या अलीकडे बोट ठेवलं आणि महामार्गावरून सावकाश खाली आणत म्पुमुझातल्या आपल्या घराच्या दारापर्यंत नेलं.

एकसष्ट किलोमीटर.