आम्ही हिमालय ओलांडला

उजाडता उजाडता उजनीच्या पाण्याकाठी हेरंबनं बायकोला हाताला धरून गाडीतून उतरवलं आणि चटईवर बसवलं. कालिंदीच्या डोळ्यांवर पट्टी होतीच. गणपती गेल्यापासून ती मंगोलियाहून इकडे निघालेल्या एका पट्टकादंबाच्या, म्हणजे रानहंसाच्या डोळ्यांनी जग बघत होती. त्या पक्ष्याच्या डोक्यात बसवलेली चकती त्याला दिसेल ते सगळं तिला पट्टीच्या आत दाखवायची. पट्टी फक्त झोपताना निघायची, तीही दिवा मालवल्यावर. जेवतानाही ती ताट चाचपडत म्हणायची, "काल आम्ही हिमालय ओलांडला!" तो 'आम्ही' ऐकला की हेरंब ताट सारून उठायचा.

"उतरतोय आम्ही," कालिंदी पुटपुटली आणि तिच्या गालांवर लाली चढली. असली लाली हेरंबनं लग्नाच्या वर्षानंतर पाहिली नव्हती.

थवा चिखलात उतरला. त्यातल्या चकतीवाल्या कादंबाच्या मानेत खुणेचं लाल कडं होतं. जावई घरात शिरावा तसा तो ऐटीत डुलत पुढे आला. हेरंबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं हळूच वाकून दगड उचलला. कादंबानं मान वर करून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"हेरंब, तो दगड खाली टाक," मागून चटईवरनं कालिंदी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि हे काय रे? मिशी कधी काढलीस?"

हेरंबच्या हातून दगड गळून पडला.

"दसऱ्याला," तो कादंबाकडे बघून म्हणाला.