दहावं नाव

"आपल्या परिसरात अशी मुले नाहीत, सबब विशेष वर्गाची आवश्यकता नाही," लॉरेन्स मास्तरांनी ठराव वाचून दाखवला. "मात्र पालक सल्लागार समितीचे काम पुढेही चालू ठेवावे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलं नसली, वर्ग नसला, तरी सल्ला थांबता कामा नये.

१९८१ साल. आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष चालू होतं. आगाशीजवळच्या या शाळेला वरून पत्र आलं होतं: दहा मतिमंद मुलं जमली तर वेगळी शिक्षिका मिळेल, आणि सल्ल्यासाठी पालकांची समिती नेमा. शाळेनं समिती ताबडतोब नेमली. तेवढं सोपं होतं. सभासदांची मुलं सगळी पहिल्या पाचांत येणारी. अध्यक्ष फर्डिनंड तुस्कानो, मुंबईत विम्याच्या कचेरीत मोठे साहेब. चार महिन्यांत पाच बैठका झाल्या. समितीचा शिक्का गोल असावा की चौकोनी, यावरच तीन गेल्या. चौथीत गोल ठरला. पाचवीत तो बनून आला आणि अक्षरं उलटी उमटली.

पत्रात 'मच्छीमार वस्तीतील एक महिला' असंही कलम होतं. म्हणून आज अर्नाळ्याच्या, दारोदार मासळी विकणाऱ्या धोंडूबाईला बोलावलं होतं. तिला खुर्ची दिली होती, दाराशी, वाऱ्याच्या बाजूला.

"इथं अंगठा," मास्तर म्हणाले.

"पोरं नाहीत, असं लिवलंय ना?" धोंडूबाईनं हात मागे घेतला. "मग मास्तर, दुसरा कागद घ्या. सोनाराच्या माडीवर एक पोरगी हाय. पाव्हनं आलं का तिला कोंडतात. फुलपाड्याला दोघं भाव. देवळामागं एक, त्याला खाटेला बांधतात."

"अहो बाई, ही लोकांच्या घरातली गोष्ट आहे!" समितीतले सेबेस्टियन उठून उभे राहिले.

"आन तुमच्या भावाची सालोमी."

सेबेस्टियन खाली बसले.

"पंचवीस वर्सं डोक्यावर पाटी घेऊन फिरते मी. मागल्या दारानं. तुमी पुढल्या दारानं जाता, तुमाला कशी दिसनार?"

ती बोलत राहिली. मास्तर नकळत लिहीत गेले. सहा. सात. आठ. नऊ.

"आन धावं..."

धोंडूबाई थांबली. इतका वेळ धडाधड बोलणारी बाई एकदम अडखळली. तिनं नजर वर केली. ती नेमकी अध्यक्षांवर जाऊन थांबली.

फर्डिनंडसाहेबांच्या कपाळावर घाम आला. ही बाई दर मंगळवारी त्यांच्या घरी मासळी घेऊन यायची. मागल्या दारानं. दारात कोणी आलं, की त्यांची बायको एमिली आतल्या खोलीची कडी लावून घ्यायची, पण एखाद्या मंगळवारी राहून गेली असेल. बाईनं पाहिलं असेल. आता सांगेल. इतक्या लोकांत सांगेल.

"पुरे, धोंडूबाई." त्यांचा आवाज फाटला. "मीच सांगतो. लिहा, मास्तर. रोझलिन फर्डिनंड तुस्कानो. वय अकरा."

मास्तरांचा हात थबकला. "साहेब, ती तर पुण्याला मावशीकडे..."

"पुण्याला कोणी मावशी नाही. ती घरी असते. आतल्या खोलीत. गाणं लावलं की टाळ्या वाजवते. फक्त ते हळू लावावं लागतं." त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. "लिहा तुम्ही."

इतक्या बैठकांत समिती पहिल्यांदाच गप्प होती.

धोंडूबाई मात्र साहेबांकडे डोळे विस्फारून बघत होती.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "शपथ सांगते, मला ठावंच नव्हतं. तुमच्या घरात मी कदी असं पोर पायलं नाय."

"मग दहावं कोणाचं सांगत होतात?"

धोंडूबाईनं मान खाली घातली. दुसऱ्यांची नऊ नावं कशी भराभर आली होती.

"माज्या लेकाचा पोरगा," ती म्हणाली. मग मान वर करून मास्तरांकडे वळली. "अकरावा लिवा, मास्तर. शत्रुघ्न. मीच त्याला कोंडून आलेय."