सुटलेली जोडणी

"तोडून टाक ती जोडणी," साइटचे मुख्य इंजिनीयर वगीह म्हणाले आणि सूर्यफुलाच्या बियांची ओली टरफलं त्यांनी शाहिनाझच्याच टेबलावर थुंकली.

शाहिनाझने ती कागदाने खाली लोटली. कैरोबाहेर उभ्या राहणाऱ्या या इमारतीचं वेळापत्रक ती संगणकावर सांभाळायची. पडद्यावर प्रत्येक कामाची एक पट्टी होती. एका पट्टीतून बाण निघून दुसरीला भिडत होता. आधीचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू व्हायचं नाही. स्लॅब पक्का झाला की टेकू काढायचे. टेकू निघाले की खालच्या दालनात गिलावा.

"बाशमुहंदिस, स्लॅब अजून पक्का झालेला नाही," पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं तिने इंजिनीयरसाहेबांना पुन्हा सांगितलं. "आत्ता टेकू काढले तर छत माणसांच्या अंगावर येईल."

"गुरुवारी मालक येतायत. त्यांना गिलावा दिसला पाहिजे. छताचं मी बघतो, बाई. तुला जमत नसेल तर घरी जाऊन मुलुखियाची भाजी निवडत बस."

या माणसाला समजतच कसं नाही? तिला त्यांची शिसारी आली, आणि थोडी कीवही.

वगीहनी चिकट बोटांनी माऊस ओढून घेतला. स्लॅब आणि टेकूंमधला बाण पुसला गेला. टेकू काढण्याची पट्टी आजवर आली, गिलाव्याची पट्टी सरकत उद्यावर आली.

"बघ, किती सोपं!" ते दाराकडे वळले. तिथे गिलावा करणाऱ्यांचा मुकादम, म्हणजे रईस, जाबिर मघापासून उभा होता. त्याची माणसं दालनात वाळू नेऊन टाकत होती. "रईस, आज टेकू काढतो. उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन कामाला लाग."

"तुम्ही छत पाहिलंय ना, बाशमुहंदिस? पोराबाळांची माणसं आहेत."

"मी स्वतः पाहिलंय. बिनघोर जा."

जाबिरने मान डोलावली.

टेकूंना जोडलेली आणखी एक पट्टी गिलाव्याबरोबर सरकली होती. तापलेल्या पत्र्याच्या केबिनमधून साहेबांचं बिऱ्हाड बांधून झालेल्या पहिल्याच दालनात हलायचं, ही तर प्रत्येक साइटवरची रीत. शाहिनाझने पट्टी वाचून दाखवली.

"तुमचं टेबलही उद्याच त्या दालनात न्यायचं आहे, बाशमुहंदिस."

"माझं?" वगीह ताडकन मागे वळले. "वेड लागलंय का तुला? तो स्लॅब पक्का होईपर्यंत मी तिथे पाऊल टाकणार नाही!"

शाहिनाझच्या मनातली कीव तेवढी नाहीशी झाली.

जाबिरने वगीहकडे नीट पाहिलं. मग दाराबाहेर जाऊन त्याने दालनाच्या दिशेने हाक दिली,

"बाहेर या रे सगळे! स्लॅब कच्चा आहे. साहेब स्वतःच म्हणतायत!"